नर्सबाईंच्या खिशातला कॅमेरा

नर्सबाईंचा हात तोंडाआधी चालायचा. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या नेरच्या दवाखान्याच्या पायरीवर एका धिप्पाड माणसाला त्याच्याच पायातल्या वहाणेनं बडवत होत्या. माणूस त्यांच्याहून चांगला हातभर उंच, पण त्याला पळता येत नव्हतं, कारण त्याच्या सदऱ्याची कॉलर नर्सबाईंच्या डाव्या मुठीत होती. आत बाकावर त्याची बायको पोट धरून बसली होती. दिवस भरत आलेल्या त्या बाईच्या पोटात त्यानं लाथ घातली होती. शेवटी वहाणेच्या खिळ्यानं त्याची भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. तेव्हा नर्सबाईंनी वहाण खाली टाकली, त्याला आत नेऊन स्टुलावर बसवलं आणि बारीक, सरळ टाके घातले. टाके घालताना एवढंच म्हणाल्या, "हालू नोको. डोया जाईन."

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. नेरच्या मुलींच्या शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि त्या दिवशी मी ताप दाखवायला दवाखान्यात गेले होते. माझे वडील यवतमाळला कचेरीत होते, आजोबाही कचेरीतच होते. आमच्या घरात कुणाचा आवाज चढला तरी आई उठून खिडक्या लावून घ्यायची. असं घर सोडून आलेली मी, त्या रक्तानं गांगरूनच गेले. औषध घेऊन कापसाच्या जिनिंगमागच्या गल्लीतल्या माझ्या खोलीवर पोचले, तर शेजारच्या खोलीचं कुलूप उघडत त्याच बाई उभ्या. माझ्याकडे नीट न बघताच म्हणाल्या, की ताप आहे तर थंड पाण्यात पाय घालू नका. त्यानंतर पुढची काही वर्षं आम्ही एकाच ओसरीवर राहिलो.

ठेंगणा, आडवा बांधा, काळा रंग, खांदे एखाद्या हमालासारखे. पांढरं लुगडं कायम गुडघ्याखाली चिखलानं भरलेलं, कारण दिवसातला निम्मा वेळ खेड्यापाड्यांच्या वाटांवर जायचा. आवाज घोगरा. घर मूळचं मुकुटबनच्या बाजूचं आणि छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झालेलं. ज्या घरात त्यांनी रात्रभर बसून बाळंतीण सोडवली, त्याच घरात सकाळी त्यांना पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतून. एकदा एका म्हातारीनं असा लोटा तिरका केला, तर नर्सबाईंनी तो हिसकून तिच्याच उंबऱ्यावर आपटला. लोट्याला मोठा पोचा आला. गावानं वर तक्रार केली.

अशा तक्रारी साठत गेल्या. वहाणेचा मार खाल्लेल्या माणसानंही एक केली होती. यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरांनी नर्सबाईंना बोलावून स्पष्ट सांगितलं, की यापुढे कुणावर हात उचललात तर नोकरी जाईल. त्या दिवशी त्या परत आल्या आणि ओसरीवर दोन्ही हात मांडीत ठेवून बसून राहिल्या. मी चहा दिला तो तसाच निवला. मग म्हणाल्या, "बाई, हात बांधून टाकले माहे." पुढे त्यांनी सांगितलं ते जास्त वाईट होतं. त्या लाथ खाल्लेल्या बाईला घेऊन त्या ठाण्यावर गेल्या होत्या, पण तिला तयार करून तिथवर न्यायला वेळ गेला आणि तोवर सूज उतरली होती. ठाणेदारानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मार कुठे आहे म्हणून विचारलं. बाईनं खाली मान घातली. नवरा बाहेर विडी ओढत उभा होता.

"आंग बरं होते अन् मंग सारेच इसरतेत," नर्सबाई म्हणाल्या. "मले असं काई पाह्यजे का जे इसरणार नाई." आणि मग एकदम विचारलं, की यवतमाळला फोटोचा कॅमेरा कुठे मिळतो. कसा हवा ते त्यांचं आधीच ठरलेलं होतं. "पेटी गयात घालून गेली तं कोनी दारच उघडणार नाई. खिशात मावला पाह्यजे. अन् रोज जवळ पाह्यजे. मार काई सांगून होत नाई."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी बसनं यवतमाळला निघालो. वाटेत, खिडकीबाहेर बघत, त्यांनी मला वडिलांचं सांगितलं. दीक्षा घेऊन परत आल्यावर वडिलांनी मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं. गावातल्या एका मोठ्या घरी बैल मेला, बोलावणं आलं, हे गेले नाहीत. तेव्हा चौघांनी त्यांना गोठ्यात नेलं आणि जुवाच्या शिवळांनी, त्या जाड लाकडी खुंट्यांनी, मारलं. छातीवर, पाठीवर, तळपायांवर. नर्सबाई तेव्हा शिकायला नागपूरला होत्या. गावातला कुणी गाडी जोडायला तयार होईना. शेवटी काही दिवसांनी भावकीतल्या एकानं बंडी काढली, पण दवाखान्याचं गाव येईपर्यंत वडिलांचं अंग काळंनिळं होऊन, फुगून, पुन्हा उतरलं होतं आणि ताप चढला होता. कागदावर ताप एवढंच लिहिलं गेलं. ते गेले ते तापानं गेले. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. मधेच त्यांनी समोरच्या बाकावरच्या बाईला पोराचं डोकं सावलीत घ्यायला सांगितलं आणि पुढे बोलायला लागल्या.

स्टुडिओ चौकामागच्या एका माडीवर होता. मालक वडिलांच्या ओळखीचे, मी त्यांना काका म्हणत असे. बंद गळ्याचा कोट, बोटांची टोकं रसायनांनी तपकिरी पडलेली. त्या काळात बाहेरचा नवा कॅमेरा मिळणं कठीण झालं होतं. हौशी लोक आपले जुने कॅमेरे त्यांच्याकडे विकायला ठेवत. काकांनी कपाट उघडता उघडता सहज विचारलं, की फोटो घरच्या मंडळींचे काढायचे की सहलीचे. नर्सबाई म्हणाल्या, "मार खाल्लेल्या आंगाचे." काकांचा हात कपाटाच्या दारावर तसाच राहिला. मग त्यांनी एकेक कॅमेरा टेबलावर मांडला.

लोक कॅमेरा हातात घेतला की आधी डोळ्याला लावतात. नर्सबाईंनी तो आधी खिशात घातला. परकराला उजव्या बाजूला त्यांनी जाड मांजरपाटाचा खिसा शिवून आणला होता. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पहिला पेटी कॅमेरा. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात टिकाऊ, असं काका खिडकीशी बोलले. तो खिशात घालून नर्सबाई स्टुडिओभर चालल्या आणि मग जमिनीवर उकिडव्या बसल्या, कारण खेड्यातली बाळंतपणं जमिनीवरच व्हायची. बसताना कोपरा मांडीत रुतला. मला विचारलं, दिसतो का. दिसत होता. "एका बाजूनं दुसरं ढुंगण फुटल्यावाणी दिसत असन," असं म्हणून त्यांनी तो परत केला. दुसऱ्याला दोन भिंगं होती आणि वरून खाली डोकावून पाहायचं होतं. काका म्हणाले याच्यासारखे फोटो दुसऱ्यानं येत नाहीत. नर्सबाईंनी तो छातीशी धरला, मान घातली, आणि लगेच खाली ठेवला. "मान खाली घालून उभी राह्यली तं समोरचा हाणन मले."

तिसरा जपानी होता आणि अगदी चिमुकला. काड्यापेटीहून थोडा मोठा असेल. त्यांच्या मुठीत तो पार नाहीसा झाला. तो पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. खिशात घातला, उड्या मारल्या, जिना उतरून धावत वर आल्या, तरी बाहेरून काही कळेना. त्यांनी तो जवळजवळ घेतलाच होता. पण काका प्रामाणिक माणूस. त्यांनी सांगितलं, की याची फिल्म यवतमाळात मिळत नाही, आणि मिळाली तरी तिच्यावरचं चित्र नखाएवढं. मोठं करायला गेलं की सगळं फुटतं, वळ कुठला आणि सावली कुठली ते ओळखू येणार नाही. नर्सबाईंनी तो हातात धरून खूप वेळ पाहिला. त्यांनी मग मला विचारलं, की ठाणेदार म्हणाला हा शाईचा डाग आहे, तर मी काय सांगू? आणि तो टेबलावर ठेवून पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

शेवटी काकांनी खालच्या खणातून एक जुना, घडीचा कॅमेरा काढला. जंगलखात्यातल्या कुणा साहेबाचा होता म्हणे. मिटला की पानाच्या चपट्या डब्याएवढा, कडांचा काळा रंग उडून पितळ दिसणारा. काकांनी एक खटका दाबला आणि झाकण पडून आतला काळा भाता भिंगासकट खट्कन पुढे आला. नर्सबाईंचा हात सवयीनं वर गेला. काका दोन पावलं मागे सरले. मग तिघंही हसलो. खिशात तो मांडीला चिकटून बसला. उकिडवं बसलं, वाकलं, धावलं तरी जागा सोडेना. त्यांनी तो तळहातावर तोलला आणि म्हणाल्या, की वेळ पडली तर यानं डोकं फुटेल एखाद्याचं. "फुटेल," काका म्हणाले, "पण मग फोटो निघायचा नाही." हे त्यांना पटलं.

तो घ्यायचा असं ठरल्यावरही त्या उठेनात. काकांनी अंधाऱ्या खोलीत नेऊन भात्याच्या आत दिवा धरला, तेव्हा एका घडीत सुईच्या टोकाएवढं भोक चमकलं. ते काळ्या कापडाची चिंधी डकवून बुजवलं. घराच्या आत उजेड कमी पडणार, तेव्हा बाईला दाराच्या किंवा खिडकीच्या उजेडात बसवायचं, आणि खटका दाबताना श्वास धरायचा, हे काकांनी घोटून घेतलं. या कॅमेऱ्यात अंतर आपण मोजून लावायचं होतं. त्यावर नर्सबाईंनी त्यांचा उपाय काढला. डावा हात ताणून बोटं पसरली की जेवढं होतं ते जवळचं अंतर. भिंगाच्या कडीवर तिथे काकांनी पांढरी खूण करून दिली.

त्या दिवसापासून कॅमेरा त्यांच्या अंगावेगळा झाला नाही. बाळांच्या लंगोटाच्या फलालीनची त्याला एक पिशवी शिवली. बाजाराला, विहारात, नदीवर, जिथे जातील तिथे तो खिशात. खटक्याचा आवाज फार होतो म्हणून त्या रोज संध्याकाळी ओसरीवर बसून झाकण अंगठ्यानं अडवत हळूच उघडायचा सराव करायच्या. पहिल्या रोलमध्ये मीच होते, बहुतेक ठिकाणी डोक्याशिवाय. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, "डोक्सं कायले पाह्यजे? मले पाठ पाहाची हाये."

बायका हळूहळू तयार झाल्या. नर्सबाई जबरदस्ती करत नसत. आधी जखम धुवायच्या, मग विचारायच्या. धुण्याच्या काठीचे वळ, उलथण्याचे चटके, दातांच्या खुणा. काका ते फोटो कुणाला न दाखवता धुऊन द्यायचे आणि निगेटिव्हच्या काचा आपल्याकडेच ठेवायचे... काचा ते जुन्या सवयीनं म्हणत, असायच्या त्या फिल्मच. एखादा फोटो घेऊन नर्सबाई ठाण्यावर जात. एखादा नवऱ्यालाच दाखवून सांगत, की याची दुसरी प्रत माझ्याजवळ नाही, यवतमाळला आहे. पुष्कळांचे हात थांबले. काही जण मात्र जिथे दिसत नाही तिथे मारायला शिकले. हे कळलं त्या दिवशी नर्सबाईंनी ताट सरकवून दिलं आणि भिंतीवर मूठ इतक्या जोरात मारली की पोपडा पडला. नर्सबाईकडे फोटोची पेटी आहे ही बातमी गावात झाली होती, पण ती नेमकी कशी आहे हे मार खाल्लेल्या बायकांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर जत्रेतला तीन पायांच्या तिकाटण्यावरचा, काळ्या कापडाचा कॅमेरा होता.

कमल माझ्याकडे वाचायला मासिकं न्यायला यायची. माहेर महागावचं, खाऊनपिऊन सुखी घर. नवरा देवीदास कापसाच्या बाजारात अडत्या. गोरी, हसरी, आणि नेहमी पूर्ण हातांची पोलकी घालणारी. एकदा मासिक घेताना तिची बाही वर सरकली आणि नर्सबाईंनी पाहिलं. तराजूच्या दांडीचे वळ होते, जुन्यावर नवे. फोटोला ती नाही म्हणाली. नर्सबाईंनी हळद लावून बाही खाली केली आणि एवढंच सांगितलं, की आमचं मागचं दार गल्लीत उघडतं.

फाल्गुन संपत आला होता. शाळा सकाळची झाली होती आणि मी दुपारी जेवून पडले होते. मागच्या दारावर थाप पडली. कमल उभी होती, अनवाणी. कानातून रक्त येऊन मानेवर वाळलेलं, मनगटात फुटलेल्या बांगडीची काच रुतलेली. तिला पाचवा महिना लागला होता. तिला नीट ऐकू येत नव्हतं. माझ्या हाकेसरशी शेजारून आलेल्या नर्सबाईंनी तिला माझ्या खाटेवर बसवलं, काच काढली, कान पुसायला घेतला. तेव्हा कमलनंच त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाली, "आधी फोटो काढा." नर्सबाईंनी खिडकी उघडली, तिला उजेडात वळवलं. कानाचा एक काढला, पाठीचा एक. पाठीवर कातडी म्हणावी अशी जागा थोडीच उरली होती.

खुंटी फिरवून त्यांनी फिल्म पुढे घेतली, कॅमेरा मिटून खिशात टाकला आणि तेवढ्यात पुढचं दार हादरलं. कडी तुटली नाही, बिजागरीच भिंतीतून उखडली. देवीदास, त्याचा धाकटा भाऊ आणि त्यांचा एक हमाल. देवीदासानं कमलचे केस धरले आणि ओढलं. ती खाटेवरून खाली आपटली, तोंडावर. मी मधे गेले तर भावाची काठी माझ्या खांद्यावर बसली आणि मी माठांवर कोसळले. पाण्यात पडल्या पडल्या मी नर्सबाईंकडे बघत होते. त्यांच्या हाताशी पितळी खलबत्ता होता. मला वाटलं, आता या कुणाचा तरी जीव घेणार. त्यांनी खलबत्त्याकडे पाहिलंसुद्धा. मग त्यांचा हात खिशात गेला.

देवीदास कमलला उंबऱ्यावरून बाहेर ओढत होता आणि ओढता ओढता तिच्या पोटात लाथा घालत होता. दारातून दुपारचं ऊन आत येत होतं. नर्सबाई त्याच्या अगदी समोर गेल्या, डावा हात ताणून बोटं पसरली, श्वास धरला आणि खटका दाबला. देवीदास क्षणभर त्या पसरलेल्या हाताकडे नुसता बघत राहिला. मग ओरडला, की फोटो काढला हिनं, पेटी फोडा. भाऊ वळेपर्यंत भाता मिटून कॅमेरा खिशात गेला होता. त्यानं नर्सबाईंचा उजवा हात चौकटीवर दाबून धरला आणि काठीच्या बुडानं बोटं ठेचली. हाडांचा आवाज मी ऐकला. नर्सबाईंनी दातांनी ओठ फोडून घेतला, पण ओरडल्या नाहीत. मटकन खाली, उकिडव्या बसल्या, लुगडं पसरून.

भाऊ आणि हमालानं आमच्या दोन्ही खोल्या उलथ्यापालथ्या केल्या. माझी ट्रंक फोडली, शिलाईचं मशीन आपटलं, सुया उकळायचा डबा चेंदला. ते मोठी पेटी शोधत होते. ती काही सापडेना. तोवर गल्लीतून आरडाओरडा जिनिंगपर्यंत पोचला होता आणि सरकी वेचणाऱ्या बाया फावडी, घमेली, जे हातात होतं ते घेऊन धावत आल्या. देवीदास कमलला धुळीत टाकून पळाला, त्याच्या मागे भाऊ. हमाल सापडला. त्याला बायांनी इतकं मारलं, की शेवटी नर्सबाईंनाच ओरडून थांबवावं लागलं.

डॉक्टर दौऱ्यावर होते. कमलला रक्तस्राव सुरू झाला. नर्सबाईंची उजवी बोटं तोवर वांग्यासारखी सुजली होती आणि वाकत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, आता तुमचे हात माहे." कुठे दाबायचं, किती आत जायचं, केव्हा थांबायचं, त्या सांगत गेल्या आणि मी करत गेले. मूल गेलं. ते माझ्याच हातात आलं, ओंजळीएवढं. कमल जगली. दिवस मावळेपर्यंत रक्त थांबलं होतं, आणि त्यानंतरच नर्सबाईंनी स्वतःच्या हाताला फळी बांधून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा यवतमाळला नेला, माझ्या परकराला टाचून घेतलेल्या नर्सबाईंच्याच खिशातून. बसमध्ये देवीदासाचा एक माणूस चढला होता. त्यानं माझी पिशवी मांडीवर ओढून उघडून पाहिली, डबा उघडून पाहिला. कंडक्टर दुसरीकडे बघत होता. काकांनी मला अंधाऱ्या खोलीत बाजूला उभं केलं. लाल दिव्याच्या उजेडात, पाण्यातल्या कागदावर आधी उंबरा उमटला, मग कमलचा चेहरा, मग वर उचललेला पाय आणि देवीदास. भाऊ अर्धाच आला होता, पाठमोरा. काकांनी चष्मा काढून पुसला आणि त्याच्या पुष्कळ प्रती काढल्या.

खटला उभा राहिला तसं कमलवर दडपण वाढलं. तिचे वडील महागावहून आले आणि ओसरीवर बसून तडजोडीचं बोलू लागले. जावई पाया पडायला तयार आहे, पोरीची जात आहे, कुठे ठेवायची तिला. नर्सबाई आतून ऐकत होत्या. मला वाटलं आता यांचा पट्टीतला हातही उठणार. पण त्या कमलशेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू सांग नाईतं नोको सांगू. मी तुले जबरदस्ती नाई करणार. जबरदस्ती करणारे लय झाले."

कमलनं सांगितलं. मीही साक्ष दिली. माझे वडील म्हणाले होते, कोर्टात उभी राहिलीस तर स्थळं येणार नाहीत. खरंच पुढे बरीच वर्षं आली नाहीत. देवीदासाच्या वकिलानं नर्सबाईंना विचारलं, की तुमचं काम बाळंतपणाचं, फोटो काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. त्या म्हणाल्या, "सरकारनं मले जखम पाहाले शिकवलं. मी पाह्यली. आता साहेबायनं पाहावी." न्यायाधीशांनी फोटो उचलला, खिडकीकडे वळून पाहिला, आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. देवीदासाला शिक्षा झाली, आम्हाला वाटली होती त्याहून थोडी. भाऊ सुटला, त्याचा चेहराच आला नव्हता म्हणून.

मग नर्सबाईंची बदली झाली, पार मुकुटबनच्या बाजूला. त्यांची बोटं वाकडीच जुळली होती, खटका दाबता येत नव्हता. नेर सोडताना त्यांच्यासोबत कमल गेली. वडील तिला न्यायला बसस्टँडवर आले होते. ती त्यांच्या पाया पडली आणि बसमध्ये जाऊन बसली. पुढे ती तिकडे सुइणीचं काम शिकली आणि नर्सबाईंचा उजवा हात झाली. कॅमेरा तिच्या खिशात गेला. मी नंतर वणीच्या शाळेत आले, तेव्हा सुट्टीत त्यांच्याकडे जात असे. दोघींचं दिवसभर भांडण चालायचं, भाकरी करपली म्हणून, कंदिलाची काच फुटली म्हणून.

एका आषाढात कमलचा निरोप घेऊन माणूस वणीला माझ्याकडे आला, नर्सबाई गेल्या म्हणून. आदल्या रात्री कोलामांच्या पोडावर, रानातल्या आदिवासी वस्तीवर, एक बाई अडली होती. नर्सबाई बंडीतून निघाल्या आणि भर पावसात नाल्याच्या लोंढ्यानं बंडी उलटली. गाडीवान बाभळीला धरून वाचला. नर्सबाई सकाळी खाली दूरवर, काट्यांच्या जाळीत सापडल्या. मी पोचले तेव्हा त्यांना आंघोळ घालून पांढऱ्या लुगड्यात गुंडाळलं होतं. गाल आणि कपाळ दगडांनी खरवडलेलं होतं.

त्यांचा एक चुलतभाऊ आला होता, इतकी वर्षं न फिरकलेला. चितेपाशी त्यानं पुढे होऊन टेंभा मागितला. टेंभा कमलच्या हातात होता. तो म्हणाला, बाईमाणसानं हे करायचं नसतं, आणि ही तर आपल्यातलीही नाही, तिची ही कोण लागते? कमल जागची हलली नाही. त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. ती वेदनेनं वाकली, पण बोटं सोडली नाहीत.

"माही माय व्हय हे," ती म्हणाली. "सोड."

त्यानं सोडलं. भंतेंनी त्रिशरण म्हटलं, कमलनं टेंभा लावला, पण लाकडं ओली होती. नुसता धूर निघू लागला. रॉकेल ओतलं, ते जळून गेलं. पाऊस पुन्हा भुरभुरू लागला. तेवढ्यात गावाच्या वाटेनं बाया येताना दिसल्या. त्या भागात बाया मसणात येत नाहीत. त्या आल्या, पोत्याच्या खोळी डोक्यावर घेऊन, बौद्धवाड्यातल्या, गावातल्या, पोडावरच्या. प्रत्येकीच्या काखेत, खोळीखाली पावसापासून जपलेला पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळक्या झाडांचा, भारा होता. पावसाळाभर चूल पेटती राहावी म्हणून उन्हाळ्यातच तोडून, माळ्यावर रचून ठेवलेली ती कोरडी पऱ्हाटी. एकेक बाई पुढे येत होती, आपला भारा ओल्या लाकडांत खोचत होती आणि कमलच्या मागे जाऊन उभी राहत होती. पऱ्हाटी पेटायला वेळ लागत नाही. कमलनं पुन्हा टेंभा लावला आणि जाळ आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर गेला.